दोन तोंडांचा कूलर

१० मार्च, मंगळवार. आजपासून ताट्या भरायला घेतल्या. ताटी म्हणजे कूलरच्या तिन्ही बाजूंना असते ती जाळीची चौकट. तिच्यात लाकडाचं गवत दाबून भरायचं आणि वरून जाळी बांधायची. गवत कोरडं हाताळलं तर हातात कुसळं जातात, म्हणून मी आधी भिजवते. आज चाळीस ताट्या व्हायला हव्या होत्या. तेवीस झाल्या.

कारण सांगते. जळगाव जामोदला माझं कूलरचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं, नवरा शेतीत रमला, म्हणून माझ्या अंगावर आलं. पत्रा कापणं, मोटर बसवणं, पंपातला कचरा काढणं हे मला येतं आणि त्यावर घर चालतं. पण दर मार्चमध्ये पहिलं गवत भिजलं आणि ओल्या लाकडाचा तो वास दुकानभर झाला की माझे हात मंदावतात. सकाळ असली तरी दुपार झाल्यासारखं वाटतं. कुठून तरी पंख्याची घरघर येते आणि मी एका बंद खोलीत, कुणाचाही आवाज नसताना, नुसती बसले आहे असं होतं. सीझनच्या तोंडावर हे परवडत नाही. म्हणून एकदाच लिहून टाकते.

खोली सरांची. सर शाळेत गणित शिकवायचे. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे, माझं माहेर मेहकरचं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते निवृत्त झालेले होते. एप्रिलच्या भर दुपारी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून ते दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टूथब्रशची प्लॅस्टिकची डबी होती.

"कूलर पाहिजे," ते म्हणाले.

"खोली केवढी हाय?"

"खोलीसाठी नाही. एका वस्तूसाठी पाहिजे."

"केवढी वस्तू?"

त्यांनी अंगठा पुढं केला. "या नखाएवढी. लई झालं तं दीड नख."

आमच्या धंद्यात वेडी गिऱ्हाइकं नवी नाहीत. एकानं बैलासाठी कूलर नेला होता, एकानं केळीच्या गोदामासाठी. त्या दोघांना विचारलं होतं तेच मी यांना विचारलं, "जितं हाय का मेलेलं?"

सरांनी या प्रश्नावर विचार केला. खरोखर केला, पायरीवर उभं राहून. मग म्हणाले, "चालू हाय. जुना शंभरचा बल्ब आठवते? हात लावता येत नव्हता. तसे दीड बल्ब एका नखावर. एकशे सत्तेचाळीस वॅट."

मग त्यांनी डबी उघडली. तिच्यात प्रयोगशाळेतली काचेची तापमापी होती. ती त्यांनी आधी दुकानाबाहेर धरली, मग आत, आणि शेवटी माझ्या चालू कूलरसमोर. बराच वेळ. मी पंपाला ग्रीस लावत राहिले.

"बाहेर त्रेचाळीस, आत एकोणचाळीस, कूलरसमोरही तेवढंच," ते म्हणाले. "चार अंशांचा फरक. पण ताई, हा फरक तुमच्या कूलरचा नाही. भिंतीचा आहे. कूलर खिडकीत ठेवा, आत कशाला ठेवलाय?"

मला राग आला. संध्याकाळी मी कूलर खिडकीत ठेवला.

हा 'फरक' म्हणजे सरांचा श्वास होता. गावात त्यांना फरकवाले सरच म्हणत. कुणी म्हणालं, आज लई गरम हाय, की यांचा प्रश्न ठरलेला, "कशापेक्षा?" लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्यात तापमापी बुडवायचे. एसटीत बसताना आधी सीटवर तापमापी ठेवायचे आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसायचे. चहा साठ अंशांना प्यायचे. चहा समोर आला की डबी उघडायची, तापमापी कपात सोडायची आणि सगळ्यांनी वाट पाहायची. पंचाहत्तरला जीभ पोळते, पन्नासला चहा मरतो, असं त्यांचं मत होतं. मी नंतर कितीदा तरी तो साठ अंशांचा चहा प्याले. त्यात काही विशेष नव्हतं. पण वाट पाहताना बोलायला काही नसायचं, आणि ते बरं वाटायचं.

दुसरं त्यांचं वाक्य होतं, "आधी अंदाज, मग मोजणी. नुसता मोजतो तो कारकून, नुसता अंदाज करतो तो ज्योतिषी." शाळेत म्हणे ते मुलांना उत्तरपत्रिकेवर नाव घालायच्या आधी स्वतःच्या मार्कांचा अंदाज लिहायला लावत. अंदाज बरोबर आला तर दोन मार्क जास्त. आमच्या शेजारचा हार्डवेअरवाला त्यांचा विद्यार्थी. तो अजून सांगतो, "म्या शून्य लिहिलं. शून्यच पडलं. सरनं दोन देल्ले. मंग म्हने, आता तुले दोन पडले, म्हंजे तुहा अंदाज चुकला. दोन्ही वापस घेतले न बाप्पा!"

त्यांची वस्तू पाहायला मी टेम्पो घेऊन गेले. डोंगराकडच्या रस्त्याला गाव संपतं तिथं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली खाट, आणि खाटेवर सरांची मोठी बहीण. तिला सगळे जिजी म्हणत. जिजीच्या नाकात पारदर्शक नळी होती. नळी खाटेशेजारच्या पेटीत जात होती आणि ती पेटी दर काही क्षणांनी सुस्कारा टाकत होती. ऑक्सिजनचं मशीन. जिजीनं तरुणपणापासून जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढतात तिथं, काम केलं, त्या पगारावर भावाला बीएस्सी केलं, आणि कापसाची बारीक धूळ तिच्या छातीत बसली. हे मला तिनंच सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

दुसऱ्या कोपऱ्यात सरांचा कॉम्प्युटर. बाजूचे पत्रे काढलेले, पोट उघडं. त्याच्या आत ते नख होतं, म्हणजे प्रोसेसर.

"आता तुमीच पाहा माय," जिजी मला म्हणाली. एका वाक्यात तिला दोनदा थांबावं लागायचं. "म्या याले शिकवलं. अन् हा म्हातारपनी डबड्याले ताप आनून राह्यला."

"ताप नाही जिजी, वेग."

"मंग त्याले क्रोसिन काऊन लागते?"

सरांनी मला समजावलं. ते एक संख्या तपासत होते. एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कुठल्याही संख्येनं जिला भाग जात नाही अशी, मूळ संख्या. अशा प्रचंड संख्या शोधायचा छंद जगभरच्या लोकांना आहे. एकेक जण एकेक संख्या वाटून घेतो आणि आपल्या मशीनला तिच्या मागं लावतो. सरांच्या वाट्याला आलेली संख्या चार कोटी आकड्यांची होती.

"अर्ध्या सेंटिमीटरला एक आकडा असं रस्त्यावर लिहीत गेलो," सर म्हणाले, "तर आपल्या दारातून निघालेली ओळ संभाजीनगरला पोचेल. एक संख्या. तिला भाग जातो की नाही, हे आजपर्यंत कोणाला माहीत नाही. मला कळेल. मग जिजीला."

मी व्यवहारी बाई आहे. मी विचारलं, "कळून काय होते?"

"काय नाही होत," सर आनंदानं म्हणाले.

साध्या वेगानं मशीनला फार दिवस लागले असते. म्हणून सरांनी ते पळवायला घेतलं होतं. कंपनीनं प्रोसेसरला एक वेग ठरवून दिलेला असतो. त्याच्यावर तो नेता येतो, त्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. सरांनी भिंतीवर खडूनं लिहून दाखवलं. वेग जितक्या पट, वीज तितक्या पट. पण जास्त वेगानं पळायचं तर विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि दाबाचा हिशेब सरळ नाही, वर्गाचा आहे. वेग सव्वापट केला, दाब थोडासाच वाढवला, आणि चौऱ्याऐंशी वॅटचे एकशे सत्तेचाळीस झाले.

"पाव वाढला वेग, पाऊण वाढला ताप," सर म्हणाले. "आणि खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते ताई. उत्तर निघो न निघो."

"मंग चहा ठेव न त्याच्यावर," जिजी म्हणाली.

"एक लिटर पाणी मिनिटाला दोन अंश तापेल. उकळायला अर्धा तास लागेल."

"ऱ्हाऊ दे बाप्पा. तेवढ्यात मी मरून जाईन."

ही घाई तिचीच होती. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन काही सांगितलं होतं आणि जिजीनं ते खाटेवरून ऐकलं होतं. तिनं भावाला एवढंच म्हटलं होतं, "तुहा आकडा मी असेपर्यंत निघू दे. येवढं बीएस्सी केलं, काय झालं ते मले कळाले पाह्यजे." म्हणून सर पळवत होते. आणि अडचण ही होती की पळवायला वीज लागायची, आणि जिजीचा श्वासही त्याच विजेवर होता. लाइन गेली की दोन्ही मशीनं एकाच इन्व्हर्टरवर यायची. आकड्याला दिलेला प्रत्येक वॅट जिजीच्या राखीव वेळेतून जायचा. म्हणून सरांना अंदाज अचूक हवा होता. छंद म्हणून नव्हे.

अंदाजानंतरची मोजणी जिजी करायची. ओसरीवरच्या मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो; एका युनिटला बत्तीसशे वेळा, असं मीटरवरच छापलेलं होतं. खाटेवरून तो ठिपका दिसायचा. सर घड्याळ धरून 'हं' म्हणाले की जिजी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत तुरीचा दाणा टाकायला लागायची, ठिपक्याला एक. मिनिट झालं की दाणे मोजायचे. तिचं मशीन एकटं असलं की सोळा. आकड्याचं मशीन पळायला लागलं की एकोणतीस.

"सोळा माह्या जिवाचे," जिजी मला म्हणाली, "तेरा याच्या येडेपनाचे."

तेरा ठिपके म्हणजे दोनशे चाळीस वॅट. एकशे सत्तेचाळीस प्रोसेसरचे आणि बाकीचे उरलेल्या कॉम्प्युटरचे. सरांच्या अंदाजाला ते तंतोतंत जुळलं. त्या दिवशी सर इतके खूश झाले की त्यांनी चहा न मोजता प्याला.

मी त्यांना दोन तोंडांचा कूलर करून दिला. एक पेटी, तीन ताट्या, पुढं पत्र्याचा फाटा. मोठं तोंड जिजीच्या खाटेकडे, लहान निमुळतं तोंड प्रोसेसरकडे. थेंब उडू नये म्हणून लहान तोंडात दुहेरी जाळी. दोन्हीकडे वारा पुरायला हवा म्हणून मोटर भरणाऱ्याला सांगून मी जुनी मोटर जाड तारेनं भरून घेतली. मोटर भरणं म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळणं. आमच्याकडे निम्म्या मोटरी अशा दोन-तीनदा भरलेल्या असतात.

बसवून झाल्यावर सरांनी विचारलं, "मोटर किती वॅट घेते?"

"प्लेटवर लिहिलं हाय न," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावून कंपनीची प्लेट वाचली आणि भिंतीवर लिहिलं: जिजी तीनशे, आकडा दोनशे चाळीस, कूलर एकशे वीस. त्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटरीचा हिशेब, आणि त्याखाली दोन रेघा मारून उत्तर: एक तास पन्नास मिनिटं. उन्हाळ्यात लाइन जास्तीत जास्त दीड तास जायची. वीस मिनिटं शिल्लक. मग त्यांनी प्रोसेसरचं तापमान पाहिलं, खोलीचं पाहिलं, आणि फरक पाहून दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला.

त्यानंतर मोजणी झाली नाही. कारण मोजणारी झोपायला लागली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा जिजीला दुपारची झोप लागत होती आणि तिला उठवून तुरीचे दाणे मोजायला लावायचं सरांच्या जिवावर आलं.

त्या दुपारी मी तिथं का जायचे हे मला नीट सांगता येत नाही. सुट्या भागाचं काम आहे, ताटी पाहायची आहे, काहीतरी निमित्त असायचं. दारं बंद, खिडक्यांना ओली पोती. बाहेर रस्ता पांढरा झालेला आणि डोंगर दिसेनासे झालेले. आत ओल्या गवताचा वास. जिजीचं मशीन सुस्कारे टाकतंय, कूलर घरघरतोय, आणि त्या दोन्हींच्या खाली आकड्याच्या मशीनचा एक बारीक आवाज, दूरच्या कणसांत वारा शिरावा तसा. सर लाकडी खुर्चीत बसून काहीच करत नसत. एकदा मी विचारलं, आकडा आता कुठवर आला असेल? ते डोळे न उघडता म्हणाले, "चिखलीच्या पुढं." मीही डोळे मिटले. मला डांबरी रस्त्यावर पांढऱ्या आकड्यांची ओळ दिसली, सिंदखेड राजाच्या बाजूला वळलेली, आणि तिच्यावरून कुणीच चालत नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक उभं असेल हे मला तासभर आठवलंच नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी कूलरची टाकी गळते असा निरोप आला म्हणून मी गेले. टेम्पो दारात उभा केला. गळक्या भेगेत लांबीचा लगदा भरत होते, तेवढ्यात लाइन गेली. एक वाजून दहा मिनिटं. इन्व्हर्टरनं सगळं उचललं, काहीच बंद पडलं नाही. सरांनी भिंतीवर खडूनं वेळ लिहिली. कूलर आल्यापासून लाइन पंधरा-वीस मिनिटांवर गेली नव्हती. पुरा दीड तास जाण्याची ही पहिलीच खेप. "तीनपर्यंत चिंता नाही," ते म्हणाले. जिजी झोपलेली होती.

दोन पंधराला इन्व्हर्टर किरकिरायला लागला. बॅटरी संपत आल्याची ती खूण.

"शक्य नाही," सर म्हणाले. "पंचेचाळीस मिनिटं बाकी आहेत."

आणि ते उठून भिंतीपाशी गेले आणि हिशेब तपासायला लागले. सव्वापट वेग, दाबाचा वर्ग, एकशे सत्तेचाळीस. पुन्हा पहिल्यापासून. खडू हातात, इन्व्हर्टर मागं किरकिरतोय. त्यांना वाटत होतं चूक प्रोसेसरच्या अंदाजात आहे. दाब जास्त धरायला हवा होता का, असं ते पुटपुटत होते.

मी मात्र मोटर ऐकत होते. इन्व्हर्टरवर चालताना तिचा आवाज जाड झाला होता, गुळण्या केल्यासारखा. तो आवाज मी रोज ऐकते. जास्त वीज ओढणारी मोटर अशीच बोलते.

"सर," मी म्हटलं, "भिंत सोडा. प्लेट खोटी हाय."

ते वळले.

"मोटर म्या जाड तारेत भरून घेतली. दोन तोंडाईले वारा पुरला पाह्यजे म्हनून. प्लेट जुन्या तारेची हाय. आमी कोनीच प्लेट बदलत नाई."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे. गणित चुकलेल्या पोराकडे मास्तर बघतो, कुठल्या पायरीवर चुकलं ते शोधत, तसं. मग ते खाली वाकले आणि त्यांनी आकड्याच्या मशीनची पिन सॉकेटमधून ओढून काढली. अठ्ठावीस दिवस चाललेला तो बारीक आवाज थांबला. मी कूलर बंद केला. खोली एकदम रिकामी झाली, आणि ऊन आत आलं.

जिजी उकाड्यानं जागी झाली. पण बॅटरीत आता काही उरलं नव्हतं. ऑक्सिजनचं मशीनही शिट्टी मारायला लागलं. जिजीचे ओठ काळसर दिसायला लागले आणि तिनं भावाचा हात नव्हे, खाटेची दांडी धरली. लाइन यायला अजून निदान वीस मिनिटं. दवाखान्यात हलवायचं तरी रस्ताभर श्वास कुठून आणायचा?

"सर, खाटेजवळ थांबा," मी म्हटलं आणि बाहेर पळाले. टेम्पो मागं घेतला, सदाफुलीच्या दोन कुंड्या फुटल्या, चाक ओसरीला टेकवलं. बॅटरीला बॅटरी जोडायची जाड तार टेम्पोत असतेच, कारण माझा टेम्पो कित्येक सकाळी दुसऱ्याच्या बॅटरीवर सुरू होतो. एक टोक टेम्पोला, दुसरं खिडकीतून आत इन्व्हर्टरच्या बॅटरीला. लाल लालला, काळी काळीला. दोनदा पाहिलं. मग चढून बसले आणि ॲक्सिलेटर दाबला.

आधी किरकिर थांबली. मग शिट्टी. मग, इंजिनाच्या आवाजातूनही, मशीनचा सुस्कारा मला ऐकू आला.

मी पंचवीस मिनिटं ॲक्सिलेटरवर पाय दाबून बसले होते, चव्वेचाळीस अंशांत, पत्र्याच्या केबिनमध्ये. लाइन वेळेवर आली नाही, दहा मिनिटं उशिरा आली. चव्वेचाळीस अंशांत, पत्र्याच्या केबिनमध्ये. मी कुठलाच विचार केला नाही, फक्त खिडकीतून दिसणारा जिजीचा पदर खाली-वर होतो की नाही ते पाहत होते. सर पुठ्ठ्यानं तिला वारा घालत होते. ओठांचा रंग परतला तसं तिनं मान वळवून खिडकीकडे पाहिलं आणि ओरडायचा प्रयत्न केला.

"माह्या श्वासाले... आता डिझेल लागते काय वं?"

"हाव जिजी," मी ओरडले. "टाकी फुल हाय. तुमी घ्या निवांत."

लाइन आली तेव्हा मी कूलर चालू केला, जिजीसाठी. आकड्याचं मशीन बंदच होतं, आणि मोजणी होईपर्यंत इन्व्हर्टरच्या बॅटरीची तार सुटी ठेवली होती. सर ओसरीवर मीटरसमोर जाऊन उभे राहिले, हातात घड्याळ. वाट्या नाहीत, दाणे नाहीत, बोटांवर मोजलं. एक मिनिट, मग पुन्हा एक मिनिट. मी पायरीवर बसून पाणी पीत होते.

"बत्तीस," ते म्हणाले. "सोळा जिजीचे. उरले सोळा." आणि मग, हलक्या आवाजात, "तुमचा कूलर जिजीएवढाच श्वास घेतो, ताई."

मी म्हटलं, "चूक माही हाय."

"नाही. तुम्ही प्लेट म्हणालात. मोजायचं काम माझं होतं. अंदाज केला आणि मोजलं नाही." ते हसले, पण चांगलं हसले नाहीत. "ज्योतिषी झालो."

ते मशीन दर अर्ध्या तासाला आपलं काम लिहून ठेवायचं, त्यामुळे अठ्ठावीस दिवस वाया गेले नाहीत. पण सरांनी ते पुन्हा पळवलं नाही. कंपनीनं दिलेल्या वेगावर आणलं, आणि दुपारी अकरा ते पाच बंद. अठरा दिवसांत यायचं उत्तर महिन्यावर गेलं. जिजी तोवर असेल की नाही हा अंदाज सरांनी केला असणार. भिंतीवर लिहिला नाही.

जिजी होती. उत्तर आलं तेव्हा शेतात सोयाबीन वीतभर झालं होतं. मी निरोप मिळताच गेले. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती. सर म्हणाले, "भाग जातो." म्हणजे मूळ संख्या नव्हती. दुसऱ्या कुठल्याही चार कोटी आकड्यांसारखीच.

"कशानं जाते?" जिजीनं विचारलं.

"ते नाही सांगत. जातो, एवढंच सांगते."

जिजी हसायला लागली आणि तिला ठसका लागला. "हात्तिच्या! म्हंजे आपल्या गावासारखंच हाय बे, बापू. झालं येवढं सांगतेत. कोनं केलं ते नाई सांगत."

सरही हसले. त्यांनी चहा ठेवला, आणि आम्ही तिघं तापमापीकडे बघत साठ अंशांची वाट पाहत बसलो. जिजी पुढच्या संक्रांतीनंतर गेली, झोपेत. सरही गेले, दोन हिवाळ्यांमागे. घरात आता दुसरं कुणी राहतं.

पण हे सगळं नंतरचं. टेम्पोच्या त्या दुपारनंतर मी घरी गेले, जेवले, झोपले. झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी दुकान उघडलं. विकायच्या सगळ्या मोटरी बाहेर काढून ओळीनं मांडल्या, एकोणीस होत्या. हार्डवेअरवाल्याकडून टाँग टेस्टर मागून आणला. तारेला चिमट्यासारखा धरला की किती वीज जाते ते तो दाखवतो. एकेक मोटर लावली, आवाज स्थिर होऊ दिला, आकडा पाहिला. मग स्क्रू काढून कंपनीची प्लेट घमेल्यात टाकली आणि मोटरीच्या अंगावर ब्रशनं पांढऱ्या रंगात खरा आकडा लिहिला. दोनशे ऐंशी. दोनशे दहा. तीनशे पाच. एकीवर प्लेटएवढाच आकडा आला, ती न भरलेली होती.

नऊच्या सुमारास एक गिऱ्हाईक आलं. त्यानं ओळ पाहिली, एका कूलरवर हात ठेवला, मोटरवरचा ओला रंग वाचला.

"तीनशे पाच? थ्या पलीकडच्या दुकानात येवढाच कूलर एकशे वीसवर चालते."

"त्याचाबी तीनशेच खाते," मी म्हटलं.

"त्याच्या प्लेटवर तं एकशे वीस हाय."

"हाव. प्लेटवर हाय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं, आणि तो पलीकडच्या दुकानात गेला. मी पुढची मोटर लावली.